मूल 'नुसतं बघत होतं' म्हणालं तर: शाळेतल्या दादागिरीत बघ्या मुलांनी काय करायचं

"आई, मी काहीच नाही केलं. मी नुसता बघत होतो."

मुलगा तेव्हा सातवीत होता. जूनमध्ये त्यांच्या वर्गात परभणीकडचा एक मुलगा आला. चौथ्या की पाचव्या दिवशी त्याने तासाला हात वर करून विचारलं, "सर, पानी प्यायला जाऊ?" मागच्या बाकावरून कोणीतरी तस्संच म्हणून दाखवलं आणि वर्ग हसला. त्यानंतर त्याने बाटलीचं झाकण उघडलं की "पानी, पानी" सुरू. मग बाटली लपवणं. मग बाटलीत खडूची पूड. त्याने शाळेत पाणी पिणंच सोडून दिलं, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पीटीच्या तासाला तो चक्कर येऊन पडला, तेव्हा आम्हा पालकांपर्यंत गोष्ट आली.

माझा मुलगा त्या टोळक्यात नव्हता, याचं मला आधी हायसं वाटलं. मग मी विचारलं, "तू हसायचास का?" तो म्हणाला, "सगळेच हसायचे ना."

पुढचं वर्षभर वर्गशिक्षिका, शाळेच्या समुपदेशक आणि मी असे तिघी मिळून जे धडपडत शिकलो, ते इथे क्रमाने लिहिते. आपलं मूल मार खातंय किंवा मारतंय, यावर सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. पण वर्गातली बहुतेक मुलं यातलं काहीच करत नसतात, ती बघत असतात. हा लेख त्यांच्या आईबाबांसाठी आहे. मधली वाक्यं मुलांना जशीच्या तशी द्या, साधारण पाचवी ते नववीपर्यंत चालतात.

आधी हाताशी ठेवा

- एक साधी वही. तारीख, जागा, काय झालं, कोण होतं, एवढंच लिहायला.
- शाळेतल्या दोन मोठ्या माणसांची नावं, जी मुलाने स्वतः निवडलेली असतील. माझ्या मुलाने चित्रकलेचे सर आणि शिपाई मावशी निवडल्या. मी वर्गशिक्षिकेचं नाव सुचवत होते, पण तो बरोबर होता. मधल्या सुट्टीत नळापाशी मावशीच असतात.
- शाळेत तक्रारपेटी कुठे आहे आणि ती उघडतं कोण, ही माहिती.
- शाळेच्या सखी सावित्री समितीत कोण कोण आहे, ते. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी राज्यातल्या शाळांत २०२२ साली ही समिती आली. फलक बहुधा कार्यालयाजवळ असतो. नसेल तर विचारा.
- १०९८, म्हणजे मुलांची हेल्पलाइन. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता देशभर आहे. फोन मोफत, चोवीस तास, आणि मूल स्वतःही लावू शकतं. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

## १. मस्ती कुठली आणि छळ कुठला, हे आधी वेगळं करा

आपल्या शाळांत टपल्या चालतात, टोपणनावं चालतात, वाढदिवसाला बड्डे बम्प्स चालतात. प्रत्येक टपलीला छळ म्हणायला लागलात तर मूल तुम्हाला काही सांगणं बंद करेल. नॉर्वेत डॅन ओल्वेउस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, शाळेतल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांतले अगदी पहिले. त्यांनी तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते.

घरी विचारायला मी तिसरी खूण सोपी करून घेतली. "तो उलटून तस्संच करू शकतो का?" दोन मित्र एकमेकांना 'जाड्या' आणि 'काडी' म्हणत असतील तर सोडून द्या. पण एकाला अख्खा वर्ग काहीतरी म्हणतोय आणि त्याला उलट कोणाला काहीच म्हणायची सोय नाही, तर ती मस्ती राहिली नाही. ताकद म्हणजे नुसते दंड नव्हेत. संख्या, इंग्रजी, शाळेतली जुनी ओळख, बाबांची गाडी, सगळं त्यात येतं. 'ण'चा 'न' होणंसुद्धा पुण्यातल्या वर्गात माणसाला दुबळं करू शकतं, हे मला तेव्हा कळलं. आम्ही मोठे तरी काय, 'शुद्ध' बोलण्यावरून दुसऱ्याला जोखत मोठे झालो.

दोन प्रकार चटकन दिसत नाहीत. एक, वाळीत टाकणं. "हिच्याशी कोणी बोलायचं नाही" असं ठरतं, हात कोणी लावत नाही, आवाजही नाही. दुसरा, आडनाव विचारून जात काढणं. दुसरा असेल तर खालच्या पायऱ्यांवर रेंगाळू नका, थेट सातव्या पायरीवर जा. ती कायद्याची बाब होऊ शकते.

## २. आपलं मूल कुठे उभं होतं, ते कागदावर काढा

"तू काय केलंस?" असं विचारलं की उत्तर एकच, "काही नाही." त्याऐवजी कोरा कागद घ्या आणि वर्ग काढायला सांगा. फळा, दार, बाक, नळ. मग विचारा, "तेव्हा कोण कुठे होतं? तू कुठे होतास? तिथून तुला त्याचा चेहरा दिसत होता का?"

फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वर्गातल्या मुलांच्या भूमिका अशाच वेगळ्या करून दाखवल्या. छळणारा आणि छळ सोसणारा हे झाले दोन. त्याखेरीज हाताखाली काम करणारे, म्हणजे बाटली पळवून आणून देणारे. हसून, ओरडून चढवणारे. बाजूला राहणारे. आणि त्या मुलाच्या बाजूने उभे राहणारे. आपण 'बघ्या' म्हणतो त्या एका शब्दात यातल्या चारही जाती कोंबलेल्या असतात.

माझ्या मुलाने काढलेल्या कागदावर एकेचाळीस मुलं होती. बाटली पळवणारी तीन. हसणारी किती, हे मोजताना तो तेवीसवर थांबला आणि चोविसावं नाव त्याने स्वतःचं लिहिलं. मी काही बोलले नाही. त्या क्षणी व्याख्यान देण्याचा मोह फार होतो. देऊ नका, पुढचा कागद कधीच मिळणार नाही.

## ३. पहिलं काम: हसू बंद

शूरपणा नंतर. आधी फक्त एवढंच, हसायचं नाही.

एकदा दुरून नीट बघा. चिडवणारा मुलगा ज्याला चिडवतो त्याच्याकडे कमी बघतो, आजूबाजूला जास्त बघतो. त्याला प्रेक्षक हवे असतात. फिनलंडमध्ये 'किवा' नावाचा कार्यक्रम २००९ पासून देशभरच्या शाळांत नेला गेला. त्याचा मुख्य भरच यावर आहे की छळणाऱ्याला मिळणारी दाद बंद व्हायला हवी.

मुलांना "हसू नकोस" एवढंच सांगून भागत नाही, कारण हसू फुटतं. चेहऱ्याला आणि पायांना काम द्या:

- वहीत बघ, तारीख लिहायला घे.
- हसू येतंच आहे असं वाटलं तर ऊठ आणि चालू पड. बाटली भरायला जा, खिडकी उघड, काहीही.
- शेजाऱ्याला भलतंच काही विचार. "गणिताचा गृहपाठ कुठला होता रे?"

एक सावधगिरी. माझा मुलगा आणि त्याचे दोन मित्र हसायचे थांबले, त्या आठवड्यात चिडवणं वाढलं. "उपयोग नाही," म्हणून तो मोडून पडला होता. समुपदेशक मॅडम म्हणाल्या, दाद कमी झाली की आधी आवाज चढतो, अजून दोन आठवडे थांब. तो थांबला. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलं चौथ्या दिवशी सोडून देतात.

## ४. चालू असताना: एक वाक्य, दोघं जण, दहा सेकंद

टोरंटोमधल्या शाळांच्या मैदानांवर संशोधकांनी छळाचे प्रसंग प्रत्यक्ष टिपले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८८ टक्के प्रसंगांत बाकीची मुलं हजर होती. कोणीतरी मध्ये पडलं ते फक्त १९ टक्क्यांत. पण मुलं मध्ये पडली त्यातल्या ५७ टक्के वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. हा आकडा मी मुलाला चहा पिताना सांगितला, तर तो म्हणाला, "मग बाकीचे का नाही पडत?"

कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो. बिब लाटाने आणि जॉन डार्ली यांचा १९६८ चा एक प्रयोग आहे. खोलीत माणूस अर्ज भरत बसलाय आणि भिंतीतून धूर यायला लागतो. एकटा असेल तर ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं. सोबत दोन माणसं मख्खपणे बसवली, तर फक्त १० टक्क्यांनी. वर्गात "सगळे गप्प होते" म्हणजे सगळ्यांना ते चालत होतं असं नाही. पण गप्प बसलेल्याला ते कळणार कसं?

म्हणून आधीच एक जोडीदार ठरवायचा. "तू उठलास की मी उठतो." एकट्याने उठायला लागत नाही, हीच निम्मी लढाई. मग वाक्य. मोठी वाक्यं मुलांच्या तोंडी बसत नाहीत. "असं वागणं चुकीचं आहे" म्हणून बघा, अख्खा वर्ग तुमच्याच मुलावर हसेल. आम्ही घरी म्हणून बघितलेली आणि टिकलेली ही:

- "ए, बास आता. बोअर होतंय."
- "दे ना त्याची बाटली. बाई येतायत."
- "चल रे, तुला सर बोलावतायत." (ज्याला छळतायत त्याला. सर बोलावत नसतात, पण तिथून निघायला कारण मिळतं.)
- "चल, खो-खोला एक जण कमी आहे."

शेवटची दोन मला सगळ्यात आवडतात, कारण त्यात दादागिरी करणाऱ्याशी बोलायचंच नाही. त्याची अब्रू जात नाही, त्यामुळे तो पलटून अंगावर येण्याची शक्यता कमी. माझ्या मुलाने पहिल्यांदा वापरलं ते "सर बोलावतायत." आवाज इतका बारीक निघाला की त्याला दोनदा म्हणावं लागलं.

इथे मध्ये पडायचं नाही: हातात कंपास, पट्टी, दगड असं काही असेल, मुलं वरच्या वर्गातली असतील, शाळेच्या फाटकाबाहेर किंवा स्वच्छतागृहात चालू असेल, आपलं मूल एकटंच असेल. अशा वेळी पळत जाऊन मोठं माणूस आणायचं, आणि त्याला भित्रेपणा म्हणायचं नाही. दुसऱ्याला मारून सोडवायचं नाही, हेही स्पष्ट सांगा. मग कार्यालयात चौकशी त्या मारामारीची होते आणि मूळ प्रकरण बाजूला पडतं.

## ५. नंतरची पाच मिनिटं

यावर कोणी फारसं लिहीत नाही, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. ज्या मुलांना चालू प्रसंगात तोंड उघडायचं धाडस होत नाही, त्यांनाही हे जमतं.

त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसायचं. "तुझी चूक नव्हती" असं म्हणायला जमलं तर उत्तम. नाही जमलं तर "डबा खायचा का?" पुरे. कीव दाखवायची नाही, चौकशा करायच्या नाहीत. आमच्याकडे पहिल्या दिवशी जे बोलणं झालं ते एवढंच:

"काय आणलंय?"
"धपाटे."
"मला दे ना एक."

मी त्या दिवशीपासून डब्यात एक पोळी जास्त द्यायला लागले. पुढे त्या मुलाची आईही दोन धपाटे जास्त द्यायची, हे मला फार उशिरा कळलं.

कॅनडात नोव्हा स्कोशियामधल्या एका शाळेत २००७ मध्ये नववीतल्या मुलाला गुलाबी शर्ट घातला म्हणून छळलं. बारावीतल्या डेव्हिड शेफर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस या दोघांनी ५० गुलाबी शर्ट विकत आणून शाळेत वाटले. त्यातून पिंक शर्ट डे सुरू झाला. आपल्याकडे गणवेश, त्यामुळे शर्टाची सोय नाही. पण बाक आहे, डबा आहे, बसमधली शेजारची जागा आहे.

वाळीत टाकलेल्या मुलीच्या बाबतीत तर हा एकच उपाय चालतो. एकीने जरी रोज "आज काय आणलंस?" विचारलं तरी बहिष्कार पूर्ण होत नाही. ती एक मुलगी आपली असू दे. तिलाही बाहेर टाकायची धमकी येईल, म्हणून इथेही जोडी हवी.

## ६. सांगणं, पण चहाडखोर न ठरता

"मग मला चमचा म्हणतील." मुलांची ही भीती खोटी नाही, ती उडवून लावू नका. सांगायची पद्धत बदला.

मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर स्टाफरूमच्या दारात जायचं नाही. तपासायला द्यायच्या वहीत चिठ्ठी घालायची, किंवा पालकांनी शाळा सुटल्यावर भेटायचं. चिठ्ठीत विशेषणं नकोत, घडलेलं हवं. आमची अशी होती:

"बाई, मंगळवारी मधल्या सुट्टीत नळाजवळ तिघांनी त्याची बाटली घेतली आणि त्यात खडूची पूड टाकली. मागच्या आठवड्यात दोनदा असंच झालं. दहा-बारा जण बघत होते. मी सांगितलं हे वर्गात सांगू नका."

शेवटचं वाक्य विसरू नका. आणि पालक म्हणून बाईंना तोंडी दोन विनंत्या करा. एक, "अमुक म्हणतोय की" असं म्हणून वर्गात चौकशी करू नका. दुसरी, दोघांना फळ्यापुढे उभं करून हात मिळवायला लावू नका. हे 'सॉरी म्हण, शेकहँड कर' फार शाळांत चालतं. मोठ्यांना वाटतं मिटलं. त्या मुलाला मात्र सगळ्या वर्गासमोर छळणाऱ्याचा हात हातात घ्यावा लागतो, आणि व्हॅनमध्ये त्याची वसुली होते. दोघांशी वेगवेगळं बोलायला सांगा.

आता माझ्या चुका. पहिली: मी चिडून त्या तिघांतल्या एकाच्या आईला फोन केला. ती म्हणाली, "मुलं आहेत, चालायचंच," आणि संध्याकाळी त्या मुलाला घरी बेदम मार बसला. दुसऱ्या दिवशी त्याचा राग परभणीच्या मुलावर निघाला. दुसरी: पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव न घेता एक लांबलचक संदेश टाकला. दहा मिनिटांत सगळ्यांनी नावं ओळखली आणि रात्रीपर्यंत दोन तट पडले. दोन्ही करू नका. शाळेची गोष्ट शाळेतूनच फिरवा.

मुलांच्या ग्रुपवर फोटो, मीम, नक्कल केलेली क्लिप फिरत असेल तर बघ्याची कामं तीन: पुढे पाठवायचं नाही, हसरा इमोजी टाकायचा नाही, आणि पुरावा म्हणून स्क्रीनशॉट काढून फक्त आईबाबांना दाखवायचा. क्लिप लैंगिक स्वरूपाची असेल तर स्क्रीनशॉटही नको. साठवणं आणि पाठवणं हाच गुन्हा होऊ शकतो. मोबाइल थेट मोठ्यांच्या हातात द्यायचा.

## ७. शाळा ऐकत नसेल तर

इथून पुढे मुलाला मागे ठेवा, हे तुमचं काम आहे. क्रम असा:

१. वर्गशिक्षकांना लेखी. मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, दोन प्रती. एका प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. "ठेवून जा, बघतो" वर उठून येऊ नका.
२. सोबत वहीतल्या नोंदींची प्रत आणि स्क्रीनशॉट. इजा झाली असेल तर डॉक्टरांचा कागद. इतर मुलांची नावं साक्षीदार म्हणून घालायची असतील तर त्यांच्या आईबाबांना आधी विचारा.
३. पालक-शिक्षक संघ. जिल्हा परिषद किंवा महापालिकेची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.
४. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, मुंबईत शिक्षण निरीक्षक.

वसतिगृहातला प्रकार असेल तर १९९९ चा महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा आठवा. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. अर्जात कायद्याचं नाव लिहिलं की अर्ज हलतो, हा अनुभव माझा नाही, पण माझ्या बहिणीचा आहे.

लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर शाळेची वाट बघू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे माहिती असलेल्या मोठ्या माणसाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. बघितलेलं मूल घाबरून गप्प बसलं, तर त्यासाठी मुलाला शिक्षा नाही. हे त्याला मुद्दाम सांगा, कारण "मी आधी का नाही सांगितलं" या धाकानेच मुलं अजून गप्प बसतात.

## ८. दिवाळीनंतर पुन्हा विचारा

आम्हाला वाटलं, दिवाळीच्या सुट्टीआधी मिटलं. बाईंनी तिघांना वेगवेगळं बोलावलं होतं, नळापाशी मावशी उभ्या राहायला लागल्या होत्या, हसणारे कमी झाले होते. सुट्टीनंतर वर्गात बाक बदलले, आणि त्या तिघांतला एक नेमका त्या मुलाच्या मागे आला. दोन दिवसांत "पानी" परत. या वेळी मात्र माझ्या मुलाने वही न मागता काढली, आणि चित्रकलेच्या सरांना त्याच दिवशी सांगून आला.

तेव्हा बाक बदलले, तुकड्या बदलल्या, सहल आली, स्नेहसंमेलन आलं की त्या आठवड्यात विचारा. "शाळेत काय झालं?" हा प्रश्न बाद. मी दोनच विचारते. डबा कोणाबरोबर खाल्लास? आणि आज एकटं कोण होतं?

परवा दुसऱ्या प्रश्नावर तो जरा थांबून म्हणाला, "आठवीत एक नवी मुलगी आलीय. नगरची." मी वही कुठे ठेवलीय ते बघायला उठले.